फकिराचं आइसलँड

“थांब जरा,” फकिरा म्हणाला. “त्याले कोणी डोंगा काहून देत नाही?”

साधनाने पुस्तकातून मान वर केली. “पंचांनी ठरवलं ना, बाबा. त्याले वाळीत टाकलं. आता त्याले कोणी जेवू घालायचं नाही, घरात घ्यायचं नाही, समुद्र ओलांडायले डोंगा द्यायचा नाही. जो देईन तोही गुन्हेगार.”

“असं आइसलँडातही होतं?”

“हौ. हजार वर्षांआधी.”

फकिराच्या हातातली बिडी कधीच विझली होती.

साधना बालाघाटच्या दवाखान्यात नर्स होती. नागपूरला ट्रेनिंगला असताना तिने फुटपाथवरून आइसलँडच्या जुन्या कथांचं मराठी भाषांतर घेतलं होतं. ड्युटीवरून आली की संध्याकाळी ती त्यातलं थोडं वडिलांना वाचून दाखवायची. फकिरा तांदळाच्या गोदामात हमाल होता. त्याला अक्षरओळख नव्हती, पण एकदा ऐकलेली कथा पक्की लक्षात राहायची. दुसऱ्या दिवशी पोत्यांना टेकून तो ती इतर हमालांना सांगायचा. बर्फ त्याने फक्त सरबताच्या गाडीवर, भुशात ठेवलेला पाहिला होता. त्यामुळे त्याच्या आइसलँडात डोंगरांवरही लाकडाचा भुसा पसरलेला असे.

त्याला सगळ्यात आवडायची ती सांगायची तऱ्हा. माणूस एका ओळीत मरायचा आणि पुढच्या ओळीत मेंढरं चरायला निघायची. “हा लिहिणारा रडत नाही वो,” फकिरा मांडीवर थाप मारून म्हणायचा. “सांगते अन् बाजूले होते. तुमाले रडायचं तं रडा!”

त्याच आठवड्यात साधनाच्या वॉर्डात कटंगीकडचा एक म्हातारा न्यूमोनियाने भरती झाला. महागू पटेल. गावाचं नाव ऐकून ती चमकली. लहानपणी तेच गाव सोडून ती वडिलांबरोबर बालाघाटला आली होती.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं.

“लय बिमार हाय?” फकिराने विचारलं.

“हौ. दम लागते त्याले.”

फकिराने अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाला, “ते डोंग्याचं पुन्हा वाच. पुढचंही वाच.”

तिने वाचलं. वाळीत टाकलेला माणूस किनाऱ्यावर थांबून राहिला. पलीकडे त्याचं घर होतं. त्या हिवाळ्यात त्याची बायको वारली. मग बर्फ वितळला आणि मासे आले.

“थांब. कशानं वारली?”

“लिहिलं नाही, बाबा.”

“लिहायले पायजे होतं,” फकिरा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “एवढं तं लिहायले पायजे होतं!”

साधनाने पुस्तक मिटलं.

“तुले सांगत आलो, पन तुझी माय तापानं नाही मेली,” तो म्हणाला. “तू तवा तुमसरले मावशीकडे होती. आमी दीक्षा घेतलती. मेलेली ढोरं ओढनार नाही म्हनलं. तं गावानं आमचं सगळं बंद केलं. दुकान, विहीर, काम. तुझ्या मायचे दिवस भरले, पोर अडलं. म्या महागूले बैलबंडी मागतली, कटंगीच्या दवाखान्यात न्यायले. तो म्हने, गावानं ठरवलं हाय. मंग मी अन् माझा भाऊ, दोघांनं खाटेवर नेलं. रस्त्यातच गेली. पोरही गेलं.”

सकाळी महागूचं इंजेक्शन भरताना साधनाने मात्रा दोनदा तपासली. मग तिने सुई नीट टोचली. “जीती रह, बेटी,” म्हातारा पुटपुटला.

दुपारी फकिरा गोदामातून तसाच वॉर्डात आला. अंगावर भुसा, खांद्यावर फडकं. तो महागूच्या पलंगाशी उभा राहिला.

“कोन?” महागूने डोळे बारीक केले.

“फकिरा.”

महागूने पांघरूण छातीवर ओढलं. साधना औषधाचा ट्रे धरून बाजूला उभी होती. आता बाप ओरडेल असं तिला वाटलं. ओरडावं असंही वाटलं.

“त्या दिवशी बंडी घरी होती का?” फकिराने विचारलं.

महागू छताकडे पाहू लागला. त्याची छाती धपापत होती.

“होती,” तो म्हणाला. “बैलही होते.”

“बस. एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

फकिरा बाहेर व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसला. साधना मागोमाग आली. त्याला पाणी हवं का, विचारणार होती. पण त्याने शेजारची जागा हाताने झाडली, म्हणून ती बसली.

“तुले तुझ्या मायचं नाव माईत हाय,” तो म्हणाला. “बाकी काहीच माईत नाही. म्या सांगितलंच नाही.”

“सांगा ना, बाबा.”

त्याने फडक्याने तोंड पुसलं.

“गोदा उंच होती. माझ्याहून उंच. लोक हासत, तं ती अजूनच ताठ चाले. पुरात नाला पोहून जाय. गानं येत नव्हतं, तरी म्हने. मिरचीशिवाय भाकर गिळत नव्हती. एकदा कटंगीच्या बाजारातून मले टोपी आनली, ते कानावर आली. दिवसभर हासली...”

आतून कोणीतरी हाक मारली, “सिस्टर!”

“येते,” साधना म्हणाली, पण उठली नाही. फकिरा सांगत होता. त्याचा आवाज एकसारखा होता, आणि तो कुठेही थांबत नव्हता.