पडायची शिकवणी

माझी बायको सुरेखा आलमबागच्या बाजारातून भाजी घेऊन घरी येताना गेली. ई-रिक्षात ती कडेला बसली होती, समोरच्या बाकावर आमची मुलगी सानिका. मोटरसायकलवर दोघं आले. मागच्याने सुरेखाच्या मंगळसूत्राला हात घातला. तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्याने ओढलं आणि ती रस्त्यावर पडली. रक्त फारसं नव्हतं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांना विचारत होतो, घरी कधी नेऊ?

ती गेली, हे त्यांना मला दोनदा सांगावं लागलं.

मी बँकेत आहे. बदलीवर लखनौला आलो आणि इथलाच झालो. मराठी मंडळाचे लोक भेटायला आले. नरहरराव म्हणाले, "मधुसूदन, वहिनी अहेवपणी गेल्या. सौभाग्यलेणं शेवटपर्यंत सोडलं नाही त्यांनी. असं मरण नशिबात असावं लागतं." मी मान हलवली. तेवढाच आधार वाटला. सानिका उठून आत निघून गेली.

मग मला सानिकाची भीती वाटायला लागली. तिची नोकरी गोमती नगरात. घरी यायला अंधार पडतो. मी सांगून टाकलं, "एक तर मारायला शीक, नाही तर नागपूरला मालिनीआत्याकडे जा." मालिनी माझी बहीण.

"मैं नहीं जा रही. माझी नोकरी इथे आहे."

"मग शीक."

मी स्वतः क्लास बघत हिंडलो. कराटेच्या क्लासात मुलं रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारत होती, जोरात ओरडत होती. तायक्वांदोत एवढीशी पोरगी डोक्याच्या वर लाथ नेत होती. ते मला आवडलं. गोमती नगरातल्या एका जिममध्ये क्राव्ह मागा शिकवतात. तिथला मास्तर म्हणाला, "अंकल, इसमें कोई नियम नहीं है. सीधा आँख, सीधा गला." मी तिथेच नाव घालणार होतो. पण सानिका म्हणाली, मी माझा बघितलाय. ज्यूडो. घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये.

काही आठवडे गेले. एकदा जेवताना विचारलं, "काय काय शिकलीस?"

"गिरना."

"काय?"

"गिरना, बाबा. पडायला. पीछे, साइड में."

"आणि मारायला?"

"ज्यूडोत मारत नाहीत. पकडून पाडतात. ते पण नंतर."

माझा घास हातातच राहिला. "पडायला क्लास लागतो? तुझी आई काय क्लास लावून पडली?"

असं बोलायला नको होतं. ती ताट घेऊन उठली. मी मालिनीला फोन केला आणि चारबाग स्टेशनहून तिचं नागपूरचं तिकीट काढलं.

रविवारी सकाळी तिचं नाव कमी करायला त्या हॉलवर गेलो. शिकवणाऱ्या निगार मॅडम दारात आल्या. "आइए अंकल जी, बैठिए. चप्पल उधर."

बसतो कशाला, म्हणणार होतो, तेवढ्यात सानिका दिसली. जाड पांढरा ज्यूडोचा पोशाख घालून ती मॅटच्या मधोमध उभी होती. समोरच्या मुलीने तिचा पोशाख छातीजवळ धरून तिला ढकललं आणि सानिका सरळ मागे गेली. पाठीवर.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सुरेखाचं नाव घेतलं, असं सानिका नंतर म्हणाली.

मॅटवर तिचे दोन्ही हात धप्पकन आपटले आणि ती उठून बसली. काहीच झालं नव्हतं. मी चपलांजवळच बसलो.

ती धावत आली. "बाबा! पाणी आणू?"

"हे कशाला करतेस तू? माझ्यासमोर हे कशाला?"

"तुम्ही आलात न सांगता."

"पण हेच कशाला? लाथ शीक, ठोसा शीक..."

"मम्मीला कोणी लाथ मारली होती का?" ती प्रथमच त्या दिवसाबद्दल बोलत होती. "मी समोर होते. तिला हात टेकता आला नाही. दोन्ही हात मंगळसूत्रावर होते. डोकं मागून आपटलं, बस. सोडलं असतं तर आज घरी असती. आणि ते नरहरकाका म्हणतात, भाग्यवान! तुम्ही मान हलवलीत, बाबा."

मी हलवली होती. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की चोराने मारलं. मंगळसूत्र धरून ठेवल्याने ती गेली, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

निगार मॅडम हळूच म्हणाल्या, "अंकल, पहले दिन यही सिखाती हूँ. कोई चीज़ खींचे तो छोड़ दो. गिरो तो ठोड़ी सीने से लगाओ. बाकी दाँव बाद में."

"मला दाखवा," मी म्हणालो.

"बाबा, तुमची कंबर!"

"दाखवा."

त्यांनी मला मॅटवर उकिडवं बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि खांद्याला नुसतं बोट लावलं. मी मागे गेलो. हनुवटी छातीला लावली नाही, हात आपटले नाहीत, काही सुचलं नाही. मी सानिकाची बाही पकडली होती, आणि डोकं मॅटवर आपटलंसुद्धा.

मऊ होतं, लागलं नाही. पण एवढ्यात? सुरेखाला एवढाच वेळ मिळाला? यात तिने कधी ठरवायचं, काय सोडायचं आणि काय धरायचं? मी छताकडे बघत पडून राहिलो.

पिशवीतला सानिकाचा फोन वाजला. मालिनी होती, सामान किती आणतेस विचारत होती. सानिकाने माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, मी नाही येत," ती म्हणाली. "हाँ, बाबा इथेच आहेत."

तिने फोन माझ्या कानाशी धरला.

"तिकीट रद्द करतो, मालिनी," मी पडल्या पडल्या म्हणालो.