फुलीसकट अख्खी मी

अहो, इकडे बघा जरा! मी खिडकी. भिंतीतली नव्हे हो, संगणकाच्या पडद्यावरची. खेळ चालू केला की चौकोन उघडतो ना, डोक्यावर पट्टी आणि पट्टीच्या कोपऱ्यात बंद करायची फुली? तीच मी. उगाच तोरा नाही मिरवत, पण माझ्याशिवाय तुमचा एकही खेळ दिसायचा नाही.

मला घडवलं एका ताईनं. खेळ लिहिणाऱ्यांना आयता वापरता यावा असा कोडचा संच तिनं बांधला, त्यातली मी. तिच्या संगणकावर मी अशी ऐटीत उघडायचे की बघत राहावं.

तिच्या धाकट्या भावानं तो संच घेऊन पहिलावहिला खेळ केला. शनिवारी तो प्रदर्शनात मांडायचा होता. पण त्याचा संगणक वेगळ्या जातीचा. तिथे माझं डोकंच पडद्याच्या वर गेलं! पट्टी गायब, फुली गायब. मला बंद करायला तो बिचारा दर वेळी अख्खा संगणकच बंद करायचा.

त्यानं फोन लावला. "ताई, खिडकी बंदच होत नाही गं. लोक रांगेत ताटकळतील, माझं हसं होईल."

"माझ्याकडे तर नीट चालतंय!"

"मग प्रदर्शन तुझ्याच घरी भरवू या!"

ताईनं रागारागात मला अंदाजपंचे खाली ढकललं. त्याच्याकडे फुली दिसली, पण तिच्याकडे माझा तळ पडद्याखाली गेला. तिनं मला परत वर सरकवलं, तर त्याच्याकडे फुली पुन्हा गायब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ती त्याच्या खोलीवर आली, त्याच्याच खुर्चीत बसली. फुली शोधत माउस वर वर नेत राहिली.

"अय्या, खरंच की रे!"

"तेच तर कधीचा सांगतोय."

ताई ओशाळली. "इथे पट्टी किती जाड असते, हे विचारलंच नाही मी. खिडकीला कोपऱ्यात उभी राहा, एवढा हुकूम सोडला." मग हळूच म्हणाली, "तुझंही कुठे ऐकून घेतलं?"

"चहा टाकू?" भाऊ म्हणाला.

मग तिनं माझी रीतच बदलली. आता मी कुठेही गेले की आधी त्या संगणकाला विचारते, "बाबा रे, तुझी पट्टी केवढी, पडदा केवढा?" आणि मगच मापात बसते.

शनिवारी तीन जातींचे तीन संगणक शेजारी शेजारी होते. तिन्हींवर मी, डोक्यापासून तळापर्यंत अख्खी! एक आजी खेळल्या, हरल्या आणि "हात मेलं!" म्हणून त्यांनी फुलीवर टिचकी मारली. मी झटकन मिटले. भावाचा जीव भांड्यात पडला. "ताई, मिटली गं!" तो एवढ्यांदा ओरडला की सगळी रांग वळून बघायला लागली.

उघडण्याचं कौतुक सगळ्यांनाच असतं. मला मात्र मिटता येतं, याचा अभिमान वाटतो. तेव्हा खेळ झाला की मला तशीच उघडी टाकून जाऊ नका. मारा टिचकी. फुली जागेवर आहे.