भरावावरची झाडं

गावाच्या वरच्या अंगाला मातीचा एक लांबट उंचवटा होता. सगळे त्याला टेकडी म्हणत. खरं तर ते धरण होतं. पुराचं पाणी दोन-चार दिवस अडवून धरायचं आणि खालच्या नळातून हळूहळू सोडायचं, एवढंच त्याचं काम. एरवी मागचा तलाव ठणठणीत कोरडा. त्यात गुरं चरत, मुलं चेंडू खेळत. पाणीच दिसत नाही म्हटल्यावर धरण कुणाच्या लक्षात राहणार? पायथ्याला लागून घरं उठली.

वर निलगिरीची रांग होती. ती गावच्या शिंप्यांनी लावलेली. त्यांना सगळे अप्पा म्हणत. बायको गेली तेव्हा घर खायला उठायचं, म्हणून अप्पा सकाळी बादली उचलून वर जायचे. झाडं उंच झाली, लोक फिरायला येऊ लागले, कुणी बाकडी टाकली. अप्पांचा शब्द गावात वजनदार झाला, तो या झाडांमुळेच.

त्यामुळे सरकारी अभियंता म्हणून धरण तपासायला अप्पांचीच मुलगी आली, तेव्हा गावाला कौतुक वाटलं. ते संध्याकाळपर्यंतच टिकलं.

आदल्या पावसाचं थोडं पाणी मागे साठलं होतं. ती उतारावरून, पायथ्यावरून फिरली. सगळ्यात जाड झाडाच्या खाली, पायथ्याशी, जमीन ओलीगच्च होती. घरी आली तेव्हा अप्पा मशीनवर बसले होते.

"अप्पा, झाडं काढावी लागतील."

अप्पांचा पाय थांबला. "कुठली?"

"सगळी."

"अगं, मुळं माती धरून ठेवतात. शाळेतल्या पोराला विचार."

"डोंगरावर धरतात. धरणात तीच मुळं पाण्याला वाट करून देतात. आणि वाऱ्याने झाड पडलं ना, तर भरावाचा लचका तोडूनच पडेल."

"तुझ्या आईची झाडं आहेत ती."

"माहीत आहे मला."

"माहीत असून बोलतेस?"

अप्पा न जेवताच आत गेले. वहिनीने ताट झाकून ठेवलं. "वन्सं, जरा दमाने घ्या," ती हळूच म्हणाली. "तुम्ही उद्या जाल. आम्हाला अप्पांसोबत राहायचंय."

गावाची बैठक बसली. न्हाव्याचं घर अगदी पायथ्याला, तोच आधी बोलला, "ताई, धरणाचं डोकं भादरायचं होतं तर मला सांगायचं!" सगळे हसले. गावप्रमुखांनी तोड काढली, "बुंधे कापू, मुळं राहू देत. सापही मरेल, काठीही मोडणार नाही."

"मुळं आत कुजली की त्यांच्या पोकळ नळ्या होतील," ती म्हणाली. "त्यापेक्षा झाडं उभी बरी. काढायचं तर मुळांसकट काढून माती ठासून भरायला हवी."

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"माझ्या जिवंतपणी नाही," अप्पा म्हणाले. विषय तिथेच संपला. तिने वर कळवलं, तर साहेब म्हणाले, "गावाचा विरोध आहे ना? मग पुढच्या कोरड्या हंगामात बघू."

तो हंगाम यायच्या आधीच पावसाने झोडपायला सुरुवात केली. तिला चैन पडेना. कुणी पाठवलं नव्हतं, तरी ती आली. तलाव अर्ध्याच्या वर भरला होता. आणि भरावावर, छत्री उलटी झालेली, अप्पा उभे होते. त्यांनाही घरात बसवत नव्हतं. ती जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली.

दुपारी वारा सुटला. ते सगळ्यात जाड झाड एकदा वाकलं, सावरलं, पुन्हा वाकलं आणि घरांच्या बाजूला कोसळलं. मुळांसोबत उताराचा खोलीएवढा तुकडा उपटून आला. खड्ड्याच्या तळातून पाणी यायला लागलं.

ती वाकून बघत राहिली. "अप्पा, पाणी गढूळ आहे. आतली माती वाहतेय." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "खालची घरं रिकामी करा. माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील."

अप्पा चिखलातून घसरत खाली गेले. न्हावी दारातच आडवा आला. "पण अप्पा, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"चुकलो मी! पोरं उचल आधी!"

अप्पा दार न् दार ठोठावत गेले. वर तिने गवंड्याला आणि ट्रॅक्टरवाल्यांना गोळा केलं. आधी वाळू, मग खडी, मग दगड, खड्ड्यात एकावर एक थर पडत गेले. पाणी झिरपायचं थांबलं नाही, पण नितळ झालं; आतली माती वाहायची थांबली. अंधार पडायच्या आत पाऊस ओसरला, तलाव नळावाटे उतरू लागला. धरण टिकलं. घाईघाईत पायरीवरून घसरून न्हाव्याच्या म्हाताऱ्या आईचा खुबा मात्र मोडला.

आठवडाभरात गावाची भाषा बदलली. शिंप्याच्या हौसेपायी सगळे बुडालो असतो, असं लोक चावडीवर उघड बोलू लागले. अप्पा मान खाली घालून ऐकत. शेवटी एकदा त्यांची मुलगीच उठली.

"झाडं अप्पांनी लावली, खरं आहे. पण सावलीत बसायला तुम्ही सगळेच होतात. आणि इतकी वर्षं आमच्या खात्यातलं कुणी इकडे फिरकलं नाही. एका म्हाताऱ्या माणसावर सगळं ढकलू नका."

लोक पेरणीच्या गप्पांकडे वळले. पटलं म्हणून वळले की तिच्या हुद्द्याकडे बघून, तिला कळलं नाही.

तलाव कोरडा झाल्यावर झाडं मुळांसकट निघाली. एका मुळाशेजारी भरावात पोकळी सापडली. अप्पांनी त्यात हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. "किती दिवसांपासून असेल हे?" त्यांनी विचारलं. तिलाही सांगता येईना. हात पुसून ते घरी गेले, आणि माती भरायचं काम चालू असेपर्यंत तिकडे आले नाहीत.

म्हातारीचा खुबा काही नीट जुळला नाही. अप्पा संध्याकाळी मशीन झाकून तिच्या खाटेजवळ जाऊन बसत. ती त्यांच्याशी बोलत नसे. पण उठून जा, असंही कधी म्हणाली नाही.