बुडालेल्या जहाजाची तिथी

आमच्या घराण्यातले जिवाजीराव मराठ्यांच्या आरमारात होते आणि जहाजासकट समुद्रात गेले. कसे गेले, यावरून आमचे हे, वेंकोबा, आणि धाकटे दीर नागोजीराव नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. हे म्हणतात, शत्रूच्या तोफेनं, म्हणून श्राद्ध शस्त्रानं गेलेल्यांच्या तिथीला, भाद्रपद वद्य चतुर्दशीला. दीर म्हणतात, वादळानं, दिवस कुणालाच ठाऊक नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला. म्हैसुरात आम्ही बोगादीला राहतो, ते नजरबादला. इथून समुद्र दिसतसुद्धा नाही, अय्यो, पण भांडण बघा!

मला दोघं भाऊ एका पंगतीत जेवताना बघायचे होते. जिवाजीराव कशानं का गेले असेनात.

वरच्या मजल्यावर पुण्याचा निनाद भाड्यानं राहतो, जुन्या आरमारांवर संशोधन करतो. त्याला म्हटलं, शोधून काढ आणि रविवारी निकाल सांग. निकाल लागेल ती तिथी पाळायची, हे दोघांनी माझ्यामार्फत कबूल केलं.

रविवारी दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले.

निनाद म्हणाला, "इंग्रजांच्या कागदात ते जहाज त्यांनी बुडवलं."

ह्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"पोर्तुगीजांच्या कागदात वादळानं बुडालं."

दीर खाकरले.

"आणि मराठ्यांच्या कागदात, वादळ होतं म्हणून ते बंदरातून निघालंच नाही. पुढच्या वर्षी जिवाजीरावांनी खोकल्यासाठी रजा मागितली आहे. यातलं खरं कुठलं, सांगता येत नाही."

"खोकला?" हे ताडकन उठले. "आमचा जिवाजी खोकल्यानं गेला?"

"तोंड सांभाळ रे," दीर निनादवर ओरडले. "अण्णा, हा पुण्याचा. ह्याला समुद्रातलं काय कळतंय?"

नऊ वर्षांनी 'अण्णा' ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निनादला खुणावलं, तो बिचारा वर पळाला. मी पटकन दोन पानं शेजारी-शेजारी मांडली.

सारू-भात होईपर्यंत दोघांचं ठरलं की वादळातसुद्धा तोफा चालूच असणार.

"श्राद्ध सर्वपित्रीलाच करू. तुझंच खरं," हे म्हणाले.

"छे, छे! थोरले तुम्ही. चतुर्दशीलाच."

"मी म्हणतो ना, सर्वपित्रीला!"

आवाज चढले. दीर पानावरून उठायला लागले.

मी डाव आपटला. "सुम्ने, गप्प बसा! दोन्ही दिवशी करू. दोन्ही दिवस वडे मी तळते. दोघांनी इथंच जेवायचं."

बसले.

भाद्रपदात चतुर्दशीचं जेवण झालं तसे दीर चपला शोधायला लागले. ह्यांनी त्या आधीच आत नेऊन ठेवल्या होत्या. त्या रात्री दीर आमच्याकडेच झोपले.