दोन ब्रेकची गाडी

“मग गाडी काय आपोआप थांबली, बाई?” सुनावणीच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“ते मला नाही माहीत. पण मी ब्रेक दाबला नाही,” शिवणवाली बाई हटेना. “पंचवीस वर्षं पाय शिलाई मशीनवर आहे, साहेब. कधी दाबला नि कधी उचलला, एवढं कळतं मला.”

बाकावरची मंडळी हसली. फक्त तिला गाडी शिकवणारे मास्तर हसले नाहीत.

घडलं होतं एवढंसंच. मोकळ्या रस्त्यावर बाई शिकाऊ गाडी चालवत होती. गाडी मध्येच कचकन थांबली, मागचा टेम्पो येऊन धडकला. दिवा फुटला, पत्रा चेपला. पोलिसाने चलान फाडलं ते चालवणारीच्या नावावर: विनाकारण ब्रेक. ते कायम झालं, की शिकाऊ परवाना रद्द. शिवलेले कपडे दुकानांत पोचवायला बाईने जुनी गाडीसुद्धा बघून ठेवली होती.

पण शिकवायच्या गाडीला ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी मास्तरांच्या. निजल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा, तसा एकतीस वर्षं त्यांचा पाय त्या ब्रेकवर अलगद असे. हल्ली मात्र तो त्यांना न विचारताच दचकायचा. “कुणी दाबला हो?” असं बाईने त्या दिवशी विचारलं, तेव्हा मास्तर फुटका दिवा बघायला खाली उतरले होते.

साहेब आता मास्तरांकडे वळले. “तुम्हीच सांगा, मास्तर. नवशिके घाबरतातच ना?”

हो म्हटलं, की मिटलं.

“बाई नाही घाबरल्या. मी घाबरलो,” मास्तर म्हणाले. “ब्रेक माझ्या पायाने दाबला. झाडाची सावली होती, मला माणूस वाटला.”

साहेबांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. चलान रद्द केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “शिकवण्याचा बिल्ला मात्र ठेवून जावा लागेल, मास्तर.”

मास्तरांनी बिल्ला काढला. विटक्या खिशावर तेवढा चौकोन नव्यासारखा गडद उरला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, “त्याच दिवशी सांगायचं की हो. आठवडाभर मशीनवर बसून मी माझ्याच पायाकडे बघत होते.”

“चुकलं माझं.”

तिने शिकाऊ गाडीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. “चला, घरी सोडते.”

वळणावर एक सायकल आडवी आली. मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. बाईने वेग कमी केला, सायकल जाऊ दिली, आणि गाडी न दचकता पुढे निघाली.