कोंडीबाच्या खांद्यावरून

मी घोंगडी बोलतेय. आटपाडीच्या माळावरच्या काळ्या मेंढ्यांची लोकर, रंगुबाईच्या हातचं सूत आणि घोंगड्या विणणाऱ्या सणगराचा माग, यांतून मी जन्मले. चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झाले, तेव्हा रंगुबाईनं मला आपल्या लेकाच्या, कोंडीबाच्या, खांद्यावर टाकलं.

"सांगलीला शिकाय निघालास. शहरातल्या माणसाचा भरवसा धरू नगंस," ती म्हणाली.

तो सल्ला कोंडीबापेक्षा मलाच जास्त लागू पडला. तेव्हापासून मी माणसांकडं तिरकीच बघते.

एकोणीसशे पंचेचाळीस साल होतं. सांगलीच्या विश्रामबागेत, कॉलेजात, विद्यापीठाचे दोन लेखनवर्ग निघणार होते. एक निबंधाचा, दुसरा कथेचा. अर्जाबरोबर स्वतः लिहिलेलं काहीतरी जोडायचं होतं. निबंधवाल्याला पुढं शाळेत नाहीतर कचेरीत जागा मिळण्यासारखी होती. कथावाल्याला काय मिळणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"गोष्ट सांगाया शाळा कशाला लागती?" कोंडीबाचा बाप बिराप्पा म्हणाला. "ह्यात कायतरी काळंबेरं हाय. सरकारनं कवा काय फुकट दिलंय?"

कोंडीबानं अर्जात दोन्ही वर्गांची नावं घातली. निबंध सांगलीतच लिहून झाला होता. गोष्टीसाठी तो दिवाळीत गावी आला.

गावाचा तेव्हा सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता. इंग्रज सरकारविरुद्ध उठलेली पोरं रानोमाळ लपलेली. पोलीस कधी येतील, नेम नाही. खबऱ्या सापडला तर त्याचे तळपाय सोलून निघत. अशा गावात कोंडीबा मला पांघरून पारावर बसायचा, माणसांचं बोलणं कान देऊन ऐकायचा आणि घरी जाऊन लिहायचा. तो आला की बोलणी थांबत. त्याला वाटे, आपण शिकलो म्हणून लोक बुजतात. मला मात्र त्यांच्या नजरा टोचत होत्या.

एका दुपारी हरिबानं त्याला बिरोबाच्या देवळात बोलावलं. लपलेल्या पोरांना भाकरी पोचवायचं काम हरिबाच बघायचा. सगळे गोलात बसले होते, मांडीवर कुऱ्हाडी घेऊन.

"काय लिवतोस रं? वाच की."

कोंडीबा वाचू लागला. गोष्ट एका म्हातारीची होती. तिचा लेक फरारी. ती रोज तिन्हीसांजेला घरामागच्या परड्यात जाते आणि मोठ्यानं खोकते. तो खोकला म्हणजे लेकाला निरोप, की शिपाई गेले, ये जेवायला.

एवढ्यावर सगळ्यांच्या माना खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्या शालूबाईकडं वळल्या. तिचा लेक नाथाजी दोन वर्षं फरारी होता. हरिबा कुऱ्हाड घेऊन उठला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच न्हाई! म्या मनानं रचलंय. ह्या आज्जीला खोकताना ऐकलं, वाटलं, हिला तर पडसं बी न्हाई…"

"मनानं रचलेलं असं नेमकं लागतंय व्हय रं?"

कोंडीबाचा घाम माझ्यात उतरला. आपली गोष्ट खरी निघाली, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला आनंद होईना.

शालूबाई पुढं आली. "हरिबा, बस खाली. फौजदाराला सांगायचं असतं तर तुमच्याम्होरं कशाला वाचलं असतं त्यानं?" मग ती कोंडीबाकडं वळली. "लेकरा, लय ग्वाड लिवलंस. पर हे सांगलीत वाचलं, तर माझा नाथा जाईल रं."

कोंडीबानं कागद तिच्या हातात दिले. "चुलीत घाल, आज्जे."

दिवाळी सरल्यावर विश्रामबागेत वर्ग घेणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "तुमचा निबंध उत्तम आहे. त्या वर्गात आजच घेतो. पण कथा कुठं आहे?"

"जाळली."

"का?"

कोपऱ्यात एक अनोळखी माणूस टाक थांबवून ऐकत होता. कोंडीबानं त्याच्याकडं पाहिलं आणि ओठ मिटले.

"न लिहिणारे असंच सांगतात," मास्तर म्हणाले. "निबंधाला बसा. पोटापाण्याचं होईल."

कोंडीबा उठला. मला वाटलं, आता सही करणार. पण त्यानं दोन कोरे कागद मागून घेतले, मला व्हरांड्यात अंथरलं आणि लिहायला बसला. या वेळची गोष्ट मेंढीची होती. वाट चालता चालता व्यालेली मेंढी आणि कळप पुढं निघून गेलेला. शाई माझ्यावर सांडली, तरी त्याला भान नव्हतं. मास्तरांनी ते उभ्यानंच वाचलं. निबंधाच्या यादीतलं त्याचं नाव खोडून त्यांनी कथेच्या यादीत घातलं.

त्या वर्गात बाकीचे आपली गोष्ट कुठून सुचली ते हौसेनं सांगायचे. कोंडीबा मात्र दारावर नजर ठेवून गप्प बसायचा.

आज एकोणपन्नास साल आहे. कोंडीबा कराडला मासिकांसाठी कथा लिहितो. नोकरी नाही, घरात तेल-मिठाची ओढाताण आहे. मला कसर लागलीय, कडेच्या दशा गळाल्यात. तरी काही लिहून झालं की तो मला खांद्यावर टाकतो, गावी जातो आणि देवळात वाचून दाखवतो. राज्य बदललं, तरी गाव नको म्हणालं, तर ते पान बाहेर जात नाही.

परवा हरिबानं असंच एक पान अडवलं. कोंडीबानं तिथंच, सगळ्यांसमोर, ते फाडलं. माणसं समाधानानं घरी गेली.

मला काही ते पटलेलं नाही. रोज पहाटे माझ्याखाली तो पुटपुटत असतो. माझा संशय आहे, त्याला ते पान तोंडपाठ आहे. हरिबा भेटला तर एवढं त्याला सांगू नका.