ब्रेक दाबू नकोस

सहानाने ते बटण वर ओढलं, ते गाडी घरंगळू नये म्हणून.

अण्णा नगरातल्या त्यांच्या इमारतीच्या तळघरात, खांबाजवळच्या जागेवर गाडी उभी होती. आठ वर्षं जुनी जर्मन गाडी. तिच्या नवऱ्याने, वेंकटने, गेल्या दिवाळीत घेतलेली. मागचं उजवं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, तो कोपरा जॅकवर उचललेला, आणि चाकाच्या जागी जमिनीवर पोतं अंथरून तिचे सासरे बालाजीराव बसलेले. तंजावरचं मराठी घराणं. एग्मोरच्या एका शाळेत चौतीस वर्षं त्यांनी फिजिक्स शिकवलं होतं. ब्रेकची पॅड झिजल्याचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर लागला, तेव्हा वेंकट म्हणाला होता, "अप्पा, रंगाकडे टाकू या गाडी." रंगा म्हणजे बालाजीरावांचाच जुना विद्यार्थी; युरोपियन गाड्यांचं वर्कशॉप चालवायचा.

"पॅड बदलणें काय मोठें काम? मी करितों," बालाजीराव म्हणाले होते. वेंकट कामासाठी बंगळुरूला गेला आणि दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, ते हत्यारांची पेटी घेऊन खाली उतरले.

सहाना सांगलीची. लग्नाला आठ महिने झालेले. सासऱ्यांशी अजून ती जरा बेतानेच बोलायची. ताक घेऊन ती खाली आली, तेव्हा ते वर न बघताच म्हणाले, "माझा चष्मा सीटवर आहे, तेवढा दे."

ती ड्रायव्हरच्या दारातून वाकली. गाडी चालू नव्हती, पण डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले होते. चष्मा उचलताना तिचं लक्ष गेलं: पार्किंग ब्रेकचा लाल दिवा लागलेला नाही. तीन चाकांवर, जॅकच्या टोकावर उभी गाडी, आणि खाली म्हातारा माणूस. गाडी सोडताना आधी पार्किंग ब्रेकचं बटण वर ओढायचं, असं वेंकटने तिला शिकवताना दहादा बजावलं होतं. तिने ओढलं.

मागच्या चाकातून मोटर फिरल्याचा घर्रर्र आवाज आला. त्यापाठोपाठ एक असा आवाज, जो आधी तिला माणसाचा वाटलाच नाही.

ती मागे धावली. बालाजीराव चाकाच्या खाचेत खांद्यापर्यंत आत ओढल्यासारखे वाकले होते. आतलं पॅड नीट बसत नव्हतं, म्हणून उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी फटीत घातली होती. एका बाजूला लोखंडी चकती, दुसऱ्या बाजूला ब्रेकचा पिस्टन. काम करता यावं म्हणून स्क्रीनवरच्या मेनूतून त्यांनी तो पिस्टन मागे घेऊन ठेवला होता. सहानाच्या एका बटणाने तो पुढे आला होता आणि बोटांवर येऊन थांबला होता.

"अप्पा! मी... मी सोडते, लगेच सोडते!"

ती परत दाराशी गेली. बटण खाली दाबलं. काही झालं नाही. स्क्रीनवर अक्षरं उमटली: सोडण्यासाठी पायाने ब्रेक दाबा. तिने पाय आत टाकला.

"नको! ब्रेक दाबूं नकोस!"

तिचा पाय हवेतच राहिला.

"पाय ठेवशील तर तेल येईल," ते एकेक शब्द सुटा करून बोलत होते. "तेल येईल तर हाच पिस्टन आणखी पुढें येईल. बोटें तुटतील, अम्मा."

सहानाने पाय इतक्या हळू बाहेर घेतला की जणू खाली साप होता. सोडायचं तर ब्रेक दाबायला हवा, आणि ब्रेक दाबला तर बोटं जाणार. तिने वॉचमनला हाका मारल्या. तो जेवायला गेला होता. अँब्युलन्सला फोन केला. वीस मिनिटं लागतील म्हणाले. बोटांची दिसत होती तेवढी पेरं जांभळी पडायला लागली होती.

"रंगाला लाव," बालाजीराव म्हणाले.

रंगा शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्यात गेला होता. यायला तासभर तरी लागणार. फोन स्पीकरवर टाकून तिने जमिनीवर ठेवला. तो तमिळमधून भराभर सांगायला लागला, आणि बालाजीराव डोळे मिटून त्याचं मराठी करत गेले.

"पिस्टनच्या मागल्या बाजूस लहान निप्पल आहे. वर काळी रबराची टोपी. टोपी काढ. अकरा नंबरचा पाना लाव. तें उघडिलें कीं तेल तिथून बाहेर जाईल, पिस्टनला ढकलणार नाही. मग ब्रेक दाब..."

एवढं बोलले आणि त्यांचं डोकं गाडीच्या पत्र्यावर टेकलं.

"अप्पा? अप्पा!"

श्वास चालू होता. पण ते बोलत नव्हते. फोनमधून रंगा "सार? सार?" करत होता.

"अप्पा बेशुद्ध," ती मराठीतच ओरडली. रंगाला कळलं असावं; तो सावकाश, एकेक शब्द बोलू लागला.

सहानाने पेटी जमिनीवर उपडी केली. दहा, बारा, तेरा, परत दहा. अकराचा पाना पोत्याखाली होता. रबराची टोपी काढून तो निप्पलवर बसवला, पण फिरवायचा कुठल्या बाजूला? उलटा फिरवला आणि निप्पल मोडला तर?

"इडदु," रंगा म्हणाला. "इडदु, इडदु. मेदुवा."

हे शब्द तिला येत होते. आठ महिन्यांत तिने शिकलेलं तमिळ सगळं रिक्षातलं होतं: डावीकडे, उजवीकडे, सरळ, हळू, थांबवा. तिने पाना डावीकडे रेटला. हलेना. सासऱ्यांचा हात त्याच लोखंडात होता. धक्का बसला तर त्यांनाच लागणार होतं. दोन्ही हातांनी धरून, दात आवळून तिने पुन्हा रेटलं. निप्पल सुटला. पिवळसर तेल ठिबकून तिच्या मनगटावर आलं.

"आलं! तेल आलं!"

"ब्रेक," रंगा म्हणाला. "मेदुवा. बॅक लाइट, रेड. स्टॉप." म्हणजे मागचा लाल दिवा लागेल एवढंच दाबायचं.

आत बसायची तिची छाती होईना. गाडी जॅकवरून सरकली तर? ती दाराबाहेर गुडघ्यांवर बसली, छाती सीटवर टेकवली, उजवा हात खाली पेडलवर ठेवला आणि डावा बटणावर. इथून तिला अप्पा दिसत नव्हते. पेडल थोडं दाबलं. बटण दाबलं. स्क्रीनवर तीच अक्षरं.

म्हणजे अजून दाबायला हवं. निप्पल पुरेसा उघडला नसेल तर? रंगाचं बोलणं आपल्याला भलतंच कळलं असेल तर? तिने डोळे मिटले आणि आणखी दाबलं. डोळे उघडले तेव्हा मागची भिंत लाल झाली होती. तिने बटण दाबलं.

घर्रर्र.

अगदी तोच आवाज. पुढे येतानाही हाच, मागे जातानाही हाच. दोन-तीन सेकंद तिला कळेना की आपण सोडवतोय की चिरडतोय. मग आवाज थांबला. मागून काहीच ऐकू आलं नाही. हूं नाही, चूं नाही.

सीटवरून उठायला तिला धीर गोळा करावा लागला.

बालाजीराव पोत्यावर कुशीला कलंडले होते आणि त्यांचा हात बाहेर होता.

अँब्युलन्समध्ये ते शुद्धीवर आले. पाणी मागितलं. सहाना त्यांचा दुसरा हात धरून बसली होती आणि अचानक तिला आठवलं. गाडीची चावी आतच राहिली होती. दार उघडं, गाडी जॅकवर, ब्रेकचं तेल गळून गेलेलं. आणि चारनंतर इमारतीतली सगळी पोरं तळघरात खेळायला उतरतात. तिने तळमजल्यावरच्या अलमेलूबाईंना फोन लावला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"गाडीजवळ कुणाला जाऊ देऊ नका. मुलांना तर मुळीच नाही. रंगा म्हणून एक जण येईल, तोवर तिथंच थांबा. प्लीज."

अलमेलूबाई कारण न विचारता खुर्ची घेऊन खाली गेल्या. रंगा आला तेव्हा पाच वाजले होते. हॉस्पिटलऐवजी तो आधी तळघरातच गेला.

तर्जनी वाचली. मधल्या बोटाचं शेवटचं पेर तीन दिवसांनी काढावं लागलं.

वेंकट अपघाताच्याच रात्री बंगळुरूहून आला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याने विचारलं, "झालं तरी कसं?" दुपारपासून सहाना याच प्रश्नाला भीत होती. पेडलवर हात ठेवतानाही इतकी भीती वाटली नव्हती.

"बटण मी ओढलं," ती म्हणाली.

खोलीचं दार उघडंच होतं. आतून बालाजीरावांचा थकलेला आवाज आला.

"चावी गाडींत मी ठेविली. दिवे मी चालू ठेविले. चष्मा आणायला मीच सांगितलें. तें सगळें सांग, मग बटणाचें सांग."

सहाना भिंतीला टेकून खाली बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली. मनगटावरचं तेल कितीदा धुतलं तरी त्याचा वास जात नव्हता.